दाराशी काढलेल्या चपला

एकदा एक मुलगी प्रसाविकेची पदवी घेण्यासाठी विद्यापीठात आली. पूर्वी गावची सुईण जे काम करी, तेच तिथे पुस्तकातून आणि रुग्णालयातून शिकवले जाई. "तू हेच का निवडलंस?" असे कोणी विचारले की ती म्हणे, "माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती परत सासरी गेलीच नाही. आणखी कुणाची ताई अशी जाऊ नये."

ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. शिकवणाऱ्या वृद्ध बाई मात्र नुसत्या "बरं" म्हणाल्या होत्या.

मुलगी हुशार होती. कमरेच्या हाडांच्या पोकळ साच्यातून कापडी बाहुली हलकेच वळवून बाहेर काढायला ती सर्वांच्या आधी शिकली. आईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकण्यात तिचा कान कधी चुकत नसे. वर्गात ती पहिली होती.

पण रुग्णालयात काम सुरू झाले आणि तिच्या मनात एक गोष्ट घडू लागली. ती तिने कुणाला सांगितली नाही. एखादी बाई सुखरूप मोकळी झाली की बरोबरच्या मुली आनंदाने रडत, आणि हिच्या आत आग पेटे. या बाईलाच हे सुख का मिळाले? हिने धड तपासणीसुद्धा करून घेतली नव्हती, गोळ्या खाल्ल्या नव्हत्या, आणि ही हसत घरी जाणार. ताईने एकही गोळी चुकवली नव्हती. ताई वेळेवर जेवत होती, सांगतील तसे वागत होती. मग ताईच का?

एक दिवस एक बाई कळा देत होती. तिचा धाकटा भाऊ बाहेर येरझारा घालत होता. मधूनच तो दार किलकिले करून म्हणाला, "आक्का, चहा आणू का गं?"

"तुझं डोकं आण! दार लाव आधी!" आतून आक्का ओरडली.

भाऊ बाहेरच्या सगळ्यांना हसत सांगू लागला, "शिव्या देतेय. म्हणजे बरी आहे!"

मुलीने ते ऐकले. तिच्याही घरी एक धाकटा भाऊ होता. त्याला अशी शिवी आता कोणी देणार नव्हते. आग एकदम तोंडावाटे बाहेर पडली. ती त्या बाईवर खेकसली, "एवढं ओरडायला काय झालंय? जगातल्या सगळ्या बायका बाळंत होतात. गप्प पड!"

बाई गप्प झाली. इतकी गप्प, की तिने श्वासही कोंडून धरला. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धूत असलेल्या वृद्ध बाई लगेच पुढे आल्या. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "श्वास घे, बाळा. ओरड हवी तेवढी. मी आहे इथे." बाळ सुखरूप झाले.

दुसऱ्या दिवशी वृद्ध बाईंनी मुलीला निरोप पाठवला : प्रसूतिगृहात पाऊल ठेवायचे नाही.

तिथले काम पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. मुलगी तणतणत बाईंकडे गेली. "बाई, मी वर्गात पहिली आहे. माझं काय चुकलं, ते तरी सांगा!"

"चल," बाई म्हणाल्या.

दुपारची वेळ होती. प्रसूतिगृहातले टेबल रिकामे होते. दोघींनी नियमाप्रमाणे दाराशी चपला काढल्या. आत आल्यावर बाई म्हणाल्या, "झोप टेबलावर."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? झोप. पाय वर घे."

मुलगी गोंधळून झोपली. बाईंनी तोंडावर मास्क चढवला, डोक्यावरचा दिवा लावला आणि त्या तिच्याकडे नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नजर दगडासारखी. मुलीला पाठीखालचे टेबल गार लागत होते. पाय वर असल्यामुळे चटकन उठताही येईना. तिने इकडे तिकडे मान वळवली, पण नजर पुन्हा तिथेच येई.

"बाई, असं बघू नका ना," ती शेवटी म्हणाली. "काहीतरी बोला. मला भीती वाटते."

बाईंनी मास्क खाली केला. "काय दिसलं?"

"तुमचे डोळे. इथून दुसरं काही दिसतच नाही."

"काल ती बाई इथेच होती. तिला तुझे डोळे दिसले." बाई क्षणभर थांबल्या. "तुझ्या ताईलाही कुणाचे तरी दिसले असतील."

मुलगी तिथेच पडल्या पडल्या रडली. खूप रडली. मग म्हणाली, "मला हेवा वाटतो, बाई. या सगळ्यांचा. यांना न्यायला भाऊ येतो. माझा भाऊ अजून दारात रिक्षा थांबली की उठून बघतो. मी वाईट आहे का हो?"

"नाही. ज्याचं गेलं, त्याला ज्याचं आहे त्याचा हेवा वाटतोच. यावर औषध असतं तर मी तुला आधीच दिलं असतं." बाईंनी तिला हात देऊन उठवले. "आपण दाराशी चपला का काढतो?"

"बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून."

"फेकून देतो का त्या?"

"नाही. जाताना परत घालतो."

"मग झालं तर. हेवा टाकून दे असं मी म्हणणार नाही. त्याच चपला घालून तू इथवर चालत आली आहेस. पण इथे जी झोपते तिचं अंग उघडं असतं, जीव अर्धा बाहेर असतो. तिच्यासमोर त्या घालून येऊ नकोस. दाराशी काढ. जाताना पुन्हा पायात घाल आणि घरी जाऊन हवं तेवढं रड."

"उद्यापासून येऊ का मग?"

"आधी तिच्याकडे जा. मग बघू."

कालची बाई वॉर्डात बाळाला घेऊन बसली होती. तिचा भाऊ बाळाला टोपडे घालू पाहत होता आणि ते सारखे डोळ्यांवर येत होते. मुलीला पाहताच बाईने बाळाला छातीशी ओढले.

वॉर्डात चपला काढण्याचा नियम नव्हता. मुलीने काढल्या.

"सिस्टर, फरशी गार आहे," भाऊ म्हणाला.

"असू दे." ती खाटेपाशी गेली. "काल मी वाईट बोलले. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

बाईने तिच्या डोळ्यांत पाहिले. मग हळूच म्हणाली, "तुम्ही अशा बघत होता ना, मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, मी मरतेय."

मग तिने बाळ पुढे केले. "घ्या. या येड्याला टोपडंसुद्धा घालता येईना."

"आक्का, लोकांसमोर तरी!" भाऊ म्हणाला, आणि तो हसला.

ते हसू मुलीच्या छातीत कालच्यासारखेच रुतले. तिने बाळाला मांडीवर घेतले, टोपडे सरळ केले आणि हनुवटीखालची नाडी बांधली. जरासुद्धा आवळली नाही. मग दाराशी येऊन तिने चपला पायात घातल्या.

ज्याची बहीण गेली, त्याला दुसऱ्याच्या बहिणीचे हसणे टोचते. टोचू द्यावे, पण तिच्यासमोर जाताना ते टोचणे दाराशी काढून जावे.