स्कॅनरला न सापडलेलं इंजिन

साखरप्याच्या शेट्ये डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी अचानक बंद पडली. कंपनीचे इंजिनिअर कारखानीस आले, स्कॅनर लावला आणि फर्मान सुटलं, "इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्शनचा कॉम्प्युटर गेलाय. तो आता बनत नाही. भंगारात द्या!"

"आणि वाड्यांवरचे माझे पेशंट?" बाई हबकल्या.

गावातल्या गॅरेजच्या मुकादम मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. कॉम्प्युटर काढला, त्याच्याशिवाय चालणारा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर बसवला, त्याला झेपेल असा कमी दाबाचा पंप जोडला. चोक ओढला, आणि अहो, गाडी धडधडली की!

"घाट चढली तर मानीन," कारखानीस मागच्या सीटवर बसत गुरगुरले.

मिस्त्रींनी आंबा घाट एका दमात काढला! शेजारी बसलेल्या बाई टाळ्याच वाजवायला लागल्या. माथ्यावर कारखानीसांनी घाईघाईने स्कॅनर जोडला आणि ओरडले, "बघा! यात इंजिनच सापडत नाही. माझा स्कॅनर कधी खोटं बोलत नाही!"

मिस्त्रींनी अदबीने मागचं दार उघडलं. "मग उतरा साहेब. बिनइंजिनाच्या गाडीतून तुम्हाला घाट उतरवायची जोखीम मी नाही घेणार. आम्ही पुढे होतो, तुम्ही स्कॅनर घेऊन सावकाश चालत या."