घटोदराची वाटी आणि आळशी राजकन्या

एका राज्यात हिशेबाचा फार सोस होता. सोस किती म्हणाल, तर दाराशी गाय नसली तरी चाले, पण घरात धूळपाटी नसेल तर त्या घराशी कुणी सोयरीक करत नसे. पाटीवर बारीक वाळू पसरावी, बोटाने आकडे मांडावे, उत्तर आले की हाताने सारे पुसावे, ही तिथली विद्या. आणि विद्येचा नियम एकच. गणित पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळेच्या सगळे मांडायचे. मधली ओळ गाळली तर उत्तर बरोबर आले तरी ते चूकच धरायचे.

राजा सुव्रत हा नियम पंगतीतही पाळत असे. पाने वाढली की महाराज एक गणित घालत, आणि ते पाटीवर पुरते मांडून दाखवल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. बिचारे पाहुणे त्या राज्यात एकदाच येत.

राजाला दोन मुले होती. थोरला जयकेतू. त्याचे गणित जन्मात कधी चुकले नव्हते. मात्र त्याचे उत्तर येईपर्यंत वरणावर साय धरे. धाकटी मेखला. ती आळशी होती, आणि हे तिच्या आईनेसुद्धा कधी नाकारले नाही. त्यात तिला भूक लवकर लागे. आळशी माणसाला भूक लागली म्हणजे त्याच्या अंगात बृहस्पती संचारतो. मेखला गणित सोडवायला घेण्याआधी त्याच्याकडे नुसती बघत बसे, मंडईत चोखंदळ बाई वांगे फिरवून बघते तशी. कुठेतरी मऊ जागा सापडेच. एकदा महाराजांनी पंचवीस गुणिले अठ्ठेचाळीस घातले. सारी पंगत पाटीवर वाकली आणि मेखलेने भात कालवायला घेतला. चार पंचवीस म्हणजे शंभर, अठ्ठेचाळीसात चार बारा वेळा, म्हणून बाराशे, असे ती तोंडात घास ठेवून म्हणाली.

"ओळी कुठे आहेत?" महाराजांनी विचारले.

"दार उघडे असताना भिंत चढून घरात कशाला शिरू, तात?" राजकन्या म्हणाली.

शिक्षा ठरलेली होती. ताट बाजूला सारायचे आणि तेच गणित पाटीवर पुरते मांडायचे. दरबारी मंडळी च्‌ च्‌ करत जेवून उठत. जयकेतू मात्र बहिणीचे मांडून होईपर्यंत स्वतःही जेवत नसे. थंड पोळी दोघे मिळून खात. त्याला तिची युक्ती पटत नव्हती, पण तिच्यावर त्याचा फार जीव होता.

त्या राज्याच्या सीमेवर एक डोंगर होता आणि डोंगरावर घटोदर नावाचा मायावी राहत असे. त्याच्या पोटाला वळसा घालायचा तर वाटेत विसावा घ्यावा लागे. त्याने दवंडी पिटवली, की जो माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे देईल त्याला माझा खजिना मिळेल, न देईल तो माझ्या बागेत राहील. राज्यातले मोठमोठे गणिती गेले, ते परतले नाहीत. तेव्हा ज्याचे गणित कधी चुकले नाही त्याने घरात बसणे कुळाला शोभत नाही, असे म्हणून जयकेतू निघाला. बगलेत धूळपाटी घेतली, आईच्या पाया पडला, आणि तोही परतला नाही.

मग एका सकाळी मेखलेच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि बोलू लागली. त्या काळी साळुंक्या बोलत, त्यात नवल नव्हते.

"राजकन्ये, तुझा भाऊ पोपट झाला आहे. ही पिसे गळून नवी आली, की तो माणूसपण विसरेल. पिसे गळू लागली आहेत."

मेखलेने विचारले, दादा चुकला कुठे? साळुंकी म्हणाली, की तो चुकला नाही. घटोदर पाण्यात भोकाची वाटी सोडतो. ती बुडायच्या आत तिन्ही उत्तरे द्यायची असतात. जयकेतूने पहिली दोन उत्तरे अचूक दिली. तिसरे मांडत असताना वाटी बुडाली.

मेखला राजाकडे गेली आणि डोंगरावर जायची परवानगी मागितली. महाराजांचा चेहरा उतरला. एक लेकरू गेले ते गेले, दुसरे कुठून घालवू, असे ते म्हणाले. शिवाय ज्याच्या हातून कधी चूक झाली नाही तो जिथे हरला, तिथे ओळी गाळणारी काय करणार?

"तात, दादाचे गणित चुकले नाही. त्याला फक्त उशीर झाला," मेखला म्हणाली. "उशीर कसा टाळावा, तेवढेच मला येते."

महाराजांनी मान डोलावून परवानगी दिली. राणीने दशम्या बांधून दिल्या.

डोंगराच्या दाराशी घटोदर झोपाळ्यावर बसून विडा चघळत होता. त्याच्या समोर एक भले थोरले कासव होते, कासवाच्या पाठीवर दगडी कुंड, कुंडात पाणी, आणि पाण्यावर तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक होते.

"मी खजिन्यासाठी आले नाही, मायावीराज," मेखला म्हणाली. "जिंकले तर माझा भाऊ हवा."

"मिळेल. आणि हरलीस तर भावाच्या शेजारची फांदी मिळेल," घटोदर म्हणाला. त्याने वाटी सोडली आणि कासव मेखलेच्या बरोबरीने चालू लागले.

पहिले दार उघडले. आत सत्तेचाळीस हत्ती उभे होते. प्रत्येकाच्या उजव्या अंगाला त्रेसष्ट घंटा होत्या आणि डाव्या अंगाला सदतीस. सगळ्या मिळून घंटा किती? जयकेतूने इथे आधी सगळ्या उजव्या घंटांचा गुणाकार केला होता, मग सगळ्या डाव्यांचा, मग दोन्हींची बेरीज. एवढ्यात वाटी तिसरा हिस्सा भरली होती. मेखला नुसती उभी राहून बघत राहिली. घटोदराला वाटले, ही घाबरली. पण ती एका हत्तीच्या समोर गेली, त्याच्या सोंडेवर हात फिरवला आणि उजवी बाजू डावीपासून वेगळी का मोजायची, असे स्वतःशीच म्हणाली. त्रेसष्ट आणि सदतीस मिळून शंभर. एका हत्तीच्या अंगावर शंभर घंटा.

"चार हजार सातशे," ती म्हणाली.

हत्तींनी एकदम अंग झटकले. त्या आवाजाने घटोदराचा विडा घशात अडकला.

दुसऱ्या दाराआड डाळिंबाची बाग होती. अठ्ठ्याण्णव रांगा, प्रत्येक रांगेत शहात्तर झाडे. झाडे किती? अठ्ठ्याण्णव हा आकडाच मोठा खडूस आहे. त्याने शहात्तरला गुणायचे म्हणजे बोटे झिजतात. मेखलेने बागेच्या टोकाकडे पाहिले. तिथे मोकळे रान होते. तिने डोळे मिटून त्या रानात आणखी दोन रांगा लावल्या. आता शंभर रांगा झाल्या, झाडे सात हजार सहाशे. पण दोन रांगा तर तिच्या मनातल्या, त्यांची एकशे बावन्न झाडे कमी करायला हवीत. तिने ती उपटून टाकली.

"सात हजार चारशे अठ्ठेचाळीस."

उत्तर बरोबर होते. मेखलेने कुंडात डोकावून पाहिले. वाटी अजून अर्धीही भरली नव्हती. तिने वाटेतले एक डाळिंब तोडून खाल्ले, कारण ती मेखला होती.

तिसरे दार उघडले तेव्हा मात्र तिच्या हातातले दाणे खाली पडले. आत एक मोठे झाड होते आणि त्याच्या फांद्या पोपटांनी वाकल्या होत्या. सारे पोपट पाढे म्हणत होते, कुणी तेराचा, कुणी सतराचा. खाली जमिनीवर हिरव्या पिसांचा सडा पडला होता. यांतले एखादे दादाचे असेल, असे तिला वाटले.

घटोदराने टाळी वाजवली. पाढे थांबले आणि चार पोपट खालच्या फांदीवर येऊन बसले. चौघे एका साच्यातून काढल्यासारखे सारखे होते.

"सातशे त्रेचाळीस गुणिले तीनशे चौसष्ट," घटोदर म्हणाला. "चौघेही उत्तर सांगतील. बरोबर सांगेल तो तुझा भाऊ. पोपट झाला तरी त्याचे गणित चुकत नाही. बोट एकदाच दाखवायचे."

पहिला पोपट म्हणाला, "तीन लाख सत्तर हजार चारशे बावन्न."

दुसरा म्हणाला, "दोन लाख सत्तर हजार चारशे सत्तावन्न."

तिसरा म्हणाला, "दोन लाख सत्तर हजार पाचशे बेचाळीस."

चौथा म्हणाला, "दोन लाख सत्तर हजार चारशे बावन्न."

मेखला हसली. चार उत्तरे समोर ठेवलेली असताना पाचवे कोण शोधत बसतो? खोटी तेवढी उडवली की पुरे. सातशे त्रेचाळीस वाढवून साडेसातशे केले आणि तीनशे चौसष्ट वाढवून चारशे, तरी तीन लाखच होतात. म्हणजे पहिला पोपट खोटा. शेवटचे आकडे तीन आणि चार, तीन चोक बारा, म्हणजे उत्तराच्या शेवटी दोन हवे. दुसऱ्याच्या शेवटी सात. तोही खोटा. पहिले दोन पोपट मान खाली घालून उडून गेले.

राहिले दोघे. तिच्यापाशी अजून एक युक्ती होती, नवाचा ताळा. सातशे त्रेचाळीसच्या अंकांची बेरीज चौदा, एक आणि चार पाच. तीनशे चौसष्टची तेरा, एक आणि तीन चार. पाच चोक वीस, दोन आणि शून्य दोन. उत्तराच्या अंकांची बेरीजही शेवटी दोनच यायला हवी. तिने तिसऱ्याचे अंक मिळवले. वीस, म्हणजे दोन. हाच दादा. तिने बोट उचलले, आणि उचललेले बोट तसेच धरून चौथ्याचेही अंक मिळवले. वीस, म्हणजे दोन.

दोघांच्या उत्तरांत तेच अंक होते, फक्त चार आणि पाच यांनी जागा बदलल्या होत्या. ताळ्याला त्यातले काही दिसत नाही. घटोदर पोट हलवून हलवून हसू लागला.

मेखलेने सगळीकडून गणित फिरवून पाहिले. मऊ जागा कुठेच नव्हती. अंदाजाने बोट दाखवावे तर अर्धी आशा होती. पण अर्धा भाऊ घरी नेता येत नाही. तिने पुन्हा कुंडाकडे पाहिले. वाटी अर्धी रिकामी होती. पहिल्या दोन दारांशी वाचवलेले सगळे पाणी अजून वाटीच्या बाहेरच होते.

तेव्हा आळशी राजकन्या जमिनीवर बसली. तिने पिसे अलगद बाजूला सारली, धूळ हाताने सारखी केली आणि जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता गणित पुरते मांडायला घेतले. चाराची ओळ झाली, साठाची झाली, तीनशेची झाली. तिने बेरीज घेतली. दोन लाख सत्तर हजार तीनशे बावन्न.

हे उत्तर कुठल्याच पोपटाचे नव्हते.

कुंडात बुडबुडे येऊ लागले. पुसून नव्याने मांडायला आता वेळ नव्हता. मग ती पहिल्या ओळीपासून एकेक अंकावर बोट ठेवत निघाली, अगदी सावकाश, जसे तिला पंगतीत कधीच जमले नव्हते. पहिली ओळ बरोबर होती. दुसऱ्या ओळीत सहा त्रिक अठरा, आठ लिहिले, हातचा एक. सहा चोक चोवीस आणि हातचा एक पंचवीस. तिने तिथे चार लिहिले होते. तिने चाराचा पाच केला, बेरीज सुधारली, आणि चौथ्या पोपटाकडे बोट केले.

"हा माझा दादा."

त्याच क्षणी वाटी गडप झाली.

झाडावरचे पोपट पटापट खाली पडू लागले आणि पडता पडता माणसे झाले. दाढीवाले गणिती अंगाला चिकटलेली पिसे झटकत एकमेकांना ओळखू लागले. खजिन्याच्या पेट्या आपोआप उघडल्या, तर आत हरभऱ्याची टरफले निघाली. मायेचा खजिना असलाच असतो. घटोदराच्या पोटातली सारी माया भुसकन निघून गेली आणि मागे एक हडकुळा माणूस उरला. खायला काही आहे का, असे तो विचारू लागला. मेखलेने उरलेल्या दशम्या न बघताच त्याच्या हातात दिल्या.

तिची नजर फांदीवर होती. सगळे माणसे झाले, चौथा पोपट तसाच होता. आपले गणित चुकले, आपण भलत्याकडेच बोट दाखवले, असे तिला वाटले. मग पोपटाची चोच हळूच आखडली. मग एक पंख, त्याचे एकेक पीस, मग दुसरा पंख, त्याचे एकेक पीस. माणूस व्हायचे तेही जयकेतूने एकही पायरी न गाळता केले. अखेर तो फांदीवरून उतरला, बहिणीने धुळीत मांडलेल्या गणितापाशी वाकला आणि ते वरपासून खालपर्यंत वाचले.

"दुसऱ्या ओळीत हातचा विसरली होतीस," तो म्हणाला.

हत्तींपुढे न डगमगलेली मेखला यावर भोकाड पसरून रडली, आणि रडता रडता हसू लागली. "विसरले होते, दादा," ती म्हणाली.

दोघे घरी आली तेव्हा महाराज वेशीपर्यंत अनवाणी धावत आले. त्या दिवसापासून राज्याचा नियम बदलला. गणित आधी डोळे भरून पाहायचे, जिथे दार असेल तिथून शिरायचे, आणि जिथे नसेल तिथे कंटाळा न करता भिंत चढायची. उत्तर बरोबर आले की जेवायचे. पाहुणे पुन्हा येऊ लागले, वरण ऊन राहू लागले, आणि हडकुळ्या घटोदराला मुदपाकखान्यात पोळ्या शेकायचे काम मिळाले.

लांबची कहाणी जवळच्या वाटेने आणली. ऐकणाऱ्याची भूक भागो, सांगणाऱ्याचा घसा ओला होवो, आणि जो वाट चुकला असेल त्याला न्यायला घरचे माणूस येवो.