थेरमिनचं घराणं

फार पूर्वीची नाही ही गोष्ट. मिरजेच्या एका वाद्यांच्या दुकानात थेरमिन आला. हात न लावता, समोर हवेत बोटं हलवून वाजवायचं वाद्य हे. त्यामुळे त्याची मान भलतीच ताठ. “तुमच्या तारा तुटतात, पट्ट्या झिजतात,” तो सतारीला आणि पेटीला म्हणे. “मी स्वयंभू.”

एके दिवशी गायिका नलूताई साथीला वाद्य निवडायला आल्या. दुकानदार थेरमिनचं बटण दाबून चहा सांगायला वळला, तोच दुकानातली मनी मांजर शेपटी उभारून थेरमिनच्या समोरून खिडकीत जाऊन बसली. थेरमिनच्या गळ्यातून अशी काही मींड निघाली की नलूताईंनी मान डोलावली. “तालीम कुणाची?”

पेटीने श्वास रोखला.

“आमच्या गुरू त्या खिडकीत बसल्यात,” थेरमिन ओशाळून म्हणाला. “त्यांनी शेपटी हलवली, तरच मला कंठ फुटतो.”