येसूची तीन खापरं

ऐका सटवाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं कुंभारवाडा होता. कुंभाराच्या धाकट्या सुनेचं नाव येसू. माती मळायची तीच, मडकी वाळवायची तीच, भट्टीचा आवा लावून भाजायचीही तीच. पण ती आल्यापासून आवा धड निघेना. सासू म्हणाली, "हिचा पायगुणच वाईट. संक्रांतीपर्यंत सुगडं धड निघाली नाहीत, तर हिला माहेरी घालवीन. परत आणायची नाही."

कुंभारवाड्याची रीत अशी, की फुटलं खापर अपशकुनी. त्याकडे बघायचं नाही. पाठमोरं उभं राहून वेशीबाहेर टाकायचं.

मग येसूनं संक्रांतीचा पहिला आवा उघडला. सुगडांचे टवके उडाले होते. ती मनात म्हणाली, "थोरल्या जाऊबाई परवा टक लावून बघत होत्या. त्यांचीच दृष्ट." खापरं फेकून आली.

मग दुसरा आवा लावला. आत फटाफट सुगडं फुटली. "शेजारणीनं लिंबू पुरलं असणार," म्हणून सगळं अंगण खणलं. लिंबू नाही, टाचणी नाही, एक गांडूळ तेवढं निघालं. खापरं फेकून आली.

मग तिसरा आवा लावला. येसू जाऊबाईंच्या हातचं पाणीही पिईना. "कुणी आत काही टाकलं असलं तर?" संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं, की उतरत नाही, बायांनो! आवा निवायच्या आधीच तिनं उकरून पाहिला. आत सुगडांशिवाय काही नव्हतं. ती सुगडं तिच्या डोळ्यांदेखत तडकली.

मग ती खापरं घेऊन वेशीवर गेली. तिथं एक म्हातारी बसली होती. हातात बोरू, पुढ्यात दौत. येसूनं ओळखलं, ही सटवाई. पाया पडायचं राहिलं बाजूला, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या कपाळी काय लिहिलंस?"

"माती लिहिली."

"फुटायची का टिकायची?"

"ते मी लिहीत नाही. त्या खापरांना विचार. वसा देते, घे. उतू नको, मातू नको, फुटलेलं न बघता टाकू नको."

येसूला तिचाही संशय आला. पण दुसरा उपाय होता कुठं? खाली बसली. आधी फेकलेली खापरंही तिथंच पडली होती. पहिल्या आव्याचं खापर पाहिलं, तर त्यात चुनखडीचा खडा फुगलेला. माती नीट चाळलीच नव्हती. दुसरं पाहिलं, तर ओलं असतानाच भाजलेलं, थर सुटलेले. तिसऱ्याला गार वाऱ्याची लांब भेग. ती कुणी पाडली, हे विचारायला नको होतं. जाऊबाईंवर घेतलेला संशय आठवला, आणि येसूला भारी लाज वाटली.

मग तिनं माती चाळली, सुगडं सावलीत वाळवली, चौथा आवा लावला. दारात तिला माहेरी घालवायची गाडी जुंपून उभी. सासू म्हणाली, "उघड ना लवकर!" येसू म्हणाली, "आज नाही. उद्या." तेवढ्यात जाऊबाई टोपली घेऊन आव्यापाशी गेल्या. संशयाचं भूत पुन्हा मानगुटीशी आलं. पण ती जागची हलली नाही.

मग दुसऱ्या दिवशी आवा उघडला. टिचकी मारली, तर सुगड खणखणीत वाजलं. दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. दोन फुटली होती, ती तिनं बघायला बाजूला ठेवली.

सासू म्हणाली, "पायगुण फिरला गं बाई हिचा!"

येसू म्हणाली, "पाय तेच आहेत, सासूबाई. हात शिकले."

सासूनं स्वतः जाऊन बैल सोडले.

जशी येसू फुटून शिकली, तशा तुम्ही आम्ही शिकू. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरांत भाजून निघाली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.