क्रुसामागची झावळी

“मग उद्या लोकांच्या कपाळाला मी काय लावू, फादर?”

म्हाताऱ्या फादर इनासनी शेगडीवर चहा ठेवला होता. ते चिमट्याने शेगडीतले कोळसे सारखे करत होते. चहाला अजून उकळी फुटली नव्हती.

प्रश्न विचारणारे फादर क्लेमेंट तरुण होते, विद्वान होते, आणि आपण विद्वान आहोत हे त्यांना ठाऊक होते. खाडीकाठच्या त्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू म्हणून येऊन त्यांना वर्ष होत आले होते. इनास चर्चच्या मागच्या खोलीत निवृत्तीचे दिवस काढत होते.

त्या गावचा प्रघात असा, की ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेले झावळीचे पाते प्रत्येकाने घरी न्यायचे आणि भिंतीवरच्या क्रुसामागे खोचायचे. वर्षभर ते तिथेच वाळते. उपवासकाळ तोंडावर आला, की ते चर्चला परत करायचे. ही जुनी पाती जाळून जी राख होते, तीच उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला लागते. येशूचा जयजयकार करताना हातात धरलेली वस्तूच मरणाची आठवण होऊन परत येते, हे या प्रथेचे मर्म.

त्या वर्षी मात्र चर्चच्या दारातली टोपली मंगळवारी दुपारपर्यंत रिकामी होती.

“एकाही घराने झावळी दिली नाही,” क्लेमेंट म्हणाले. “मागितली की विषय बदलतात. यांना श्रद्धा नको आहे, फादर. ताईत हवा आहे.”

“वर्ष वाईट गेलं,” इनास म्हणाले.

ते खरे होते. उधाणाने बांध फुटला होता आणि खारे पाणी बागांत शिरले होते. केळी कुजल्या, विहिरी बिघडल्या. पाठोपाठ तापाची साथ आली. जमिनी विकल्या गेल्या, तरुण पोरे आखातात गेली. माड तेवढे उभे राहिले.

दारात नातालबाय आली. चर्चशेजारी राहणारी, म्हाताऱ्या फादरांच्या जेवणाखाण्याची काळजी वाहणारी विधवा. तिच्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी होती.

“नातालबाय,” क्लेमेंटनी लगेच विचारले, “तुमची झावळी कुठे आहे?”

“घरी.”

“परत का केली नाहीत?”

“घरात कमरेएवढं पाणी होतं, फादर. कपाट गेलं, गाद्या गेल्या, लग्नाचे फोटो गेले. भिंतीवरची झावळी तेवढी कोरडी राहिली. ती मी तुम्हाला जाळायला देऊ?”

“पण प्रथा अशी आहे...”

“प्रथा मला नका शिकवू. तुमच्यापेक्षा जास्त वेळा राख लागलीय या कपाळाला.”

इनासना हसू आले. “आमचे नवे फादर प्रवचन कसं करतात गं?”

“छान करतात. फक्त आमच्याकडे बघत नाहीत. पंख्याकडे बघून बोलतात.”

क्लेमेंटचा चेहरा उतरला.

“कारण तुमच्याकडे बघून मला आशा हा शब्द उच्चारता येत नाही,” ते म्हणाले.

“वर्षभर दर रविवारी तो शब्द तुम्हाला देत आलो,” ते पुढे म्हणाले. “ माझ्यापाशी आशा नाहीच. उद्याची मिस्साची प्रार्थना झाली, की मी बिशपांकडे जाणार आहे. मला इथून मोकळं करा म्हणणार. कदाचित या झग्यातूनसुद्धा.”

नातालबायने शेंगा हळूच खाली ठेवल्या.

चहा उकळला. इनासनी भांडे उतरवले, फडक्याला हात पुसले आणि तळवा क्लेमेंटपुढे धरला.

“मग तुझी दे.”

“काय?”

“झावळी. तुला आता तिचं काय काम? चार कपाळांपुरती राख तरी होईल.”

क्लेमेंटच्या मांडीवर प्रार्थनेचे पुस्तक होते. त्याच्या पानांतून एक पिवळे टोक बाहेर डोकावत होते. त्यांचा हात पुस्तकावर गेला. पुस्तक उघडण्यासाठी नव्हे. तो पुस्तकावर घट्ट दाबला गेला आणि तिथेच राहिला.

इनासचा तळवा तसाच पुढे होता.

“अगोबाई!” नातालबाय म्हणाली. “यांनी पण लपवलीय!”

क्लेमेंट स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ते हसू लागले. गावात सांगितल्या जाणाऱ्या या कथेच्या एका पाठात ते हसता हसता रडले असे सांगतात, दुसऱ्या पाठात त्यांनी केवळ एक लांब श्वास सोडला. डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास. दोन्ही पाठांत, वर्षभरात प्रथमच, त्यांनी नातालबायच्या तोंडाकडे नीट पाहिले.

“आणि तुमची, फादर?” त्यांनी इनासना विचारले.

इनासनी खाटेच्या वर, भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केले. मागे पाते होते.

“तुम्हीसुद्धा?”

“मलाही भीती वाटली होती.”

म्हातारा उठला, त्याने भिंतीला धरून टाचा उंचावल्या, पाते काढले आणि निखाऱ्यांवर ठेवले. ते क्षणभर वाकले आणि पेटले.

“फादर!” नातालबाय कळवळली. “आता तुमच्या क्रुसामागे काय उरलं?”

“भिंत.”

ती लगबगीने घरी गेली. परतली तेव्हा तिच्या हातात झावळी होती. तिने ती मधोमध मोडली.

“अर्धी देते. सगळी मागू नका.”

“नाही मागत,” क्लेमेंट म्हणाले.

मग त्यांनी पुस्तक उघडले आणि आपले पाते अखंड शेगडीत ठेवले.

तिघेही ते जळताना पाहत बसले. चहा निवून गेला. खिडकीतून वाट दिसत होती. नातालबाय जाता-येता कुणाकुणाशी काय बोलली होती कोण जाणे, पण आणखी दोघीजणी चर्चकडे येत होत्या आणि त्यांनी पदराआड काहीतरी धरले होते.

“फादर,” क्लेमेंटनी हळूच विचारले, “बिशपांना मी काय सांगू?”

इनासनी चिमटीत राख घेऊन ती बारीक झाली की नाही ते पाहिले. मग खिडकीबाहेर, खाऱ्या जमिनीत उभ्या असलेल्या माडांकडे नजर टाकली.

“झावळ्यांचा रविवार चाळीस दिवसांवर आलाय, नव्या झावळ्या लागतील. माडावर चढता येतं का तुला?”