खड्ड्यातला नारळ

"माझ्याइतका खिलाडू पुढारी अख्ख्या जिल्ह्यात नाही," असं नगराध्यक्ष हंबीरकाका छाती फुगवून सांगत, आणि कुणी हसलं की लगेच दरडावत, "कोण हसलं रे ते?"

एके सकाळी गावभर एकच मीम फिरलं. काका गुडघाभर खड्ड्यात उभे राहून नव्या रस्त्याचा नारळ फोडताहेत आणि खाली लिहिलंय, 'काका, वर या, चहा झालाय.'

काका तडक त्यांचे बॅनर छापणाऱ्या रेणुकाच्या दुकानात शिरले. "हा खड्डा तूच जोडलास ना गं? वाढदिवसाचे बॅनर आता दुसरीकडे देतो!"

रेणुकाने खुर्ची पुसून पुढे केली. "बसा काका. जोडाजोड मी तुमच्या बॅनरवर करते, खड्डा पुसून गुळगुळीत रस्ता घालते. मीममध्ये मात्र तुम्ही पाठवलेला फोटो आला तसाच टाकलाय."