साळूबाईच्या हंडीतला कुट्टू

सोनखडीच्या माळावर एक जुनं हिवराचं झाड होतं आणि त्या झाडाखाली महाराजांचा मुक्काम असे. कुठून आले, कधी आले, हे कोणाला नीटसं सांगता येत नव्हतं. हिवराखाली बसतात म्हणून लोकच त्यांना हिवरनाथ महाराज म्हणू लागले आणि महाराजांनीही ते नाव हसत पांघरून घेतलं.

माळाच्या कडेला धनगरांची वस्ती होती. तिथली साळूबाई रोज पहाटे येऊन महाराजांच्या धुनीभोवती झाडलोट करायची, तांब्याभर दूध ठेवायची आणि मुकाट्यानं निघून जायची. मागणं म्हणून कधी काही नाही. त्या दिवशी मात्र तिच्यानं राहवेना. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले तिचे मालक मायाप्पा आणि धाकटा दीर भिवा आज आठ महिन्यांनी परतणार होते. पण भावाभावांत वाटेतच बिनसलं होतं. भिवा कळप वाटून घेऊन वेगळा होणार, असा निरोप पुढे आला होता.

त्यांच्या घराची एक रीत होती. मेंढरं परतली, की त्या सांजेला सगळ्या घरानं एकाच हंडीभोवती बसून जेवायचं. हंडीत हात न घालता जो उठला, तो घरातून गेला!

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. नर्मदेकडच्या बैराग्यांनी त्यांच्यापुढे एक पिशवी ठेवली होती, ती त्यांनी साळूच्या पदरात घातली. आत काळे, तिकोनी दाणे होते.

"हा कुट्टू. आजच्या हंडीत हाच घाल, पोरी. मीही येतो जेवायला."

साळूबाई लगबगीनं घरी आली. वस्तीवर मागे ठेवलेलं एक मेंढरू आदल्या दिवशी कड्यावरून घसरून पाय मोडल्यामुळे कापावं लागलं होतं. सासूच्या तोंडात दात नाहीत, म्हणून तिनं मांस दगडावर ठेचून ठेचून त्याचा खिमा केला. कांदा, मिरची, मीठ लावून हंडी चढवली आणि वरून तो कुट्टू ओतला. ज्वारी-बाजरी तिच्या हातची; हे धान्य तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते आधी जात्यावर भरडून, पाखडून टरफल काढावं लागतं, हे तिला कोण सांगणार?

सांगणारे एक होते. देवळाचे पंच दाजीबा. त्यांच्या घरी दर एकादशीला कुट्टू शिजे आणि त्या पिशवीवर त्यांची नजरही होती. दुपारी ते दाराशी येऊन उभे राहिले.

"काय गं साळे, काय रटरटतंय?"

"खिमा हाय, दाजीबा. आन् म्हाराजांनी दिल्याला कुट्टू."

"शिव शिव! उपासाचं धान्य मांसात लोटलंस? आमच्याकडे सोवळ्यात शिजतं ते!"

"म्हाराजच म्हनलं, हाच घाल."

"आणि जेवायला येतो म्हणाले असतील! येतील हो, येतील. मीही येतो बघायला."

जाता जाता त्यांनी हंडीत डोकावलं. दाणे टरफलासकट उकळत होते. चूक त्यांना तिथल्या तिथे कळली. पण ते गालातल्या गालात हसले आणि चालू लागले.

दिवस कलू लागला. साळूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाणा चिमटीत धरून बघावा, तर खडा! आणखी पाणी, आणखी सरपण. दारात जाऊन वाट बघावी, परत चुलीशी यावं.

"अगं, बस की!" सासू म्हणाली. "चूल काय तुला सोडून पळती व्हय?"

"आत्याबाई, शिजंना वो!"

तेवढ्यात मेंढरांच्या घंटा वाजल्या. मायाप्पा येऊन एका कोपऱ्यात बसला. भिवा दारातच उभा राहिला. ना काठी खाली ठेवली, ना पटका उतरवला.

"वैनी, म्या टेकत न्हाई. माझी मेंढरं येगळी केली, की निगालो."

"एक घास खाऊन जावा, भाऊजी. एकच."

"वाढ मग लवकर."

वाढायचं काय? तो कडक दाणा त्यानं पहिल्याच घासाला थुंकला, तर घर मोडलं! साळूबाईनं हंडीत पुन्हा पळी फिरवली.

आणि दारात महाराज उभे! मागे दाजीबाही होते. साळूबाईनं धावत जाऊन पाय धरले.

"म्हाराज, सकाळधरनं शिजवतीया. काय चुकलं वो माजं?"

"शिजत नाही? मग जरा झाकून ठेवू," महाराज म्हणाले आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी हंडीवर घातली. "बसा सगळे. भिवा, तूही."

महाराज खाली बसलेले असताना उभं कोण राहणार? भिवा बसला.

घोंगडीखालून आवाज येऊ लागला. सुपात धान्य पाखडावं, तसा! थोड्या वेळानं आवाज थांबला आणि महाराजांनी घोंगडी उचलली. काय सांगावं ते नवल! सगळी काळी टरफलं लोकरीला चिकटून वर आली होती आणि हंडीत मऊ, फुललेले, गोरे दाणे खिम्यात मिसळून वाफाळत होते.

महाराजांनी पहिला घास म्हाताऱ्या सासूला भरवला, दुसरा स्वतः घेतला. त्यांना हे चालतं, ते चालत नाही, असं काही नव्हतंच. मग म्हणाले, "भिवा, हात घाल."

भिवानं एक घास खाल्ला. मग दुसरा. मायाप्पानं खिम्याचा दाट भाग त्याच्या बाजूला सारला. भिवाचा घास हातातच राहिला.

"दादा, तू बी खा की," तो म्हणाला, आणि मांडीवरची काठी त्यानं मागे सरकवून दिली. साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

दाजीबा दारातच होते. त्यांची नजर घोंगडीवरून हलत नव्हती.

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "टरफल काढायचं राहिलंय, हे मला दुपारीच दिसलं होतं. एक शब्द बोललो असतो, तर हिचा जीव असा टांगणीला लागला नसता. मी नाही बोललो."

"मग मला काय सांगतोस?" महाराज म्हणाले. "दिवसभर चूल कोणी फुंकली?"

दाजीबांनी पगडी काढली. त्या धुरकट खोपटात ते साळूबाईपुढे वाकले आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"अगं बया! उठा, दाजीबा, उठा!" ती गडबडून मागे सरली. "भाऊजी, सरका जरा. दाजीबांस्नी बसाया जागा करा."

दाजीबा त्या गोलात बसले. मांस न खाण्याचा त्यांचा नेम होता, म्हणून ते जेवले नाहीत. पण हंडी रिकामी होईपर्यंत तिथून उठलेही नाहीत.